फाट्यावर माणूस नको

शनिवारी संध्याकाळी लिंबखेड्याहून भुजंगच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, काकासाहेबांचा फोन आला. "उद्या दुपारून निघा. राजूर सोडलं की पुढं आमचा फाटा लागतो. फाट्यावर माणूस उभा करतो."

"माणूस कामून उन्हात उभा करता, मामा? बिलकुल गरज न्हाई," भुजंग म्हणाला. "आपल्या गाडीत मशीन हाय. डायरेक्ट तुमच्या दारात आणून सोडती."

पलीकडून काही आवाज येईना. लाइन तुटली की काय म्हणून भुजंगने "हॅलो, हॅलो" केलं. लाइन शाबूत होती. "बरं," एवढंच बोलून काकासाहेबांनी फोन ठेवला.

"काय म्हणले?" गोजरआत्याने आतून विचारलं.

"बरं म्हणले."

"हसून म्हणले का नुसतंच?"

"नुसतंच."

"मंग घोटाळा केलास तू," आत्या म्हणाली.

आत्याचं काही चुकलं नव्हतं. जालन्याच्या खेड्यापाड्यांत पाहुणा येणार म्हटलं की फाट्यावर माणूस उभा करतात. पाहुण्याला रस्ता तोंडपाठ असला तरी करतात. तो माणूस रस्ता दाखवायला नसतोच. तुम्ही येणार म्हणून आमच्या घरचं एक माणूस कामधाम सोडून उन्हात उभं आहे, हे कळावं म्हणून तो असतो. तो नको म्हणणं म्हणजे यजमानाने पुढे केलेला पाण्याचा तांब्या हाताने बाजूला सारण्यासारखं. पण भुजंगच्या डोक्यात सध्या मशीनशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

भुजंग एकतिसाचा झाला होता. नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत बी उगवतं की नाही हे तपासायची त्याची नोकरी. कंपनीचं बी भराभर उगवत होतं, याचं लग्न तेवढं जमत नव्हतं. एका मुलीला तो फार बोलतो असं वाटलं, दुसरीला काहीच बोलत नाही असं वाटलं. बदनापूरची सोयरीक तर अगदी होत आली होती. पण सुपारी फोडायला निघालेली गाडी त्याचे वडील पुंजाराम यांचा चष्मा राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून मागे फिरवली, आणि पुढच्या आठवड्यात सोयरीक मोडली. मुलीकडच्यांनी कारण वेगळं सांगितलं होतं. गोजरआत्याच्या मते कारण चष्माच होता.

आणि आता ही काकासाहेबांची मुलगी बेबीनंदा. भोकरदनच्या शाळेत गणित शिकवायची. तिकडेच पाहायला गेले तेव्हा "मुलीला काही विचारायचं का?" असं रीतीप्रमाणे कोणीतरी म्हणालं, तर मुलीनेच भुजंगला विचारलं, "तुमचं काही चुकलं तर कबूल करता का?" भुजंग "हो" म्हणाला आणि त्याच क्षणी मनातून तिचा होऊन गेला. तेव्हापासून त्याला झोप नीट येत नव्हती. ही सोयरीक मोडली तर आपण पुन्हा मुलगी पाहायला जाणार नाही, असं त्याने आईला साफ सांगून टाकलं होतं.

मशीन पुण्याच्या मावसभावाने दिलेलं. गाडीच्या पुढच्या काचेला रबराने चिकटायचं आणि आतून एक बाई हिंदीत रस्ता सांगायची. आकाशातल्या उपग्रहाला सगळे रस्ते दिसतात आणि तो ते या बाईला कळवतो, असं भुजंग ज्याला त्याला समजावून सांगे. घरापासून ऑफिसला जातानाही तो बाईला विचारून जाई. ऑफिस समोरच्याच गल्लीत होतं.

रविवारी भुजंगची आई आणि बाकीचे पाहुणे जीपने पुढे गेले. मागून भुजंगच्या पांढऱ्या गाडीत तो स्वतः, शेजारी पुंजाराम, आणि मागच्या सीटवर गोजरआत्या. आत्याच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवीत शालू, ओटीचं सामान, साखर नि सुपारी. म्हणजे गाडी पोहोचल्याशिवाय तिकडे कार्यक्रमाचं पानही हलणार नव्हतं. रविवारचा राहूकाळ साडेचारला लागतो, त्याच्या आत सुपारी फुटायला हवी होती.

आत्याने गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मशीनलाही एक बोट कुंकवाचं लावलं. "आता ऐक," ती म्हणाली. "शुभ कामाला निघालो. काही राहू दे, कोणी हाक मारू दे, गाडी मागं वळवायची न्हाई. वळसा चालतो. मागं फिरणं चालत न्हाई."

"कशाला फिरावं लागतंय मागं?" भुजंग म्हणाला. "बाई हाय ना."

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि बाई म्हणाली, "जहाँ संभव हो, यू-टर्न लें."

"काय म्हणून राह्यली ती?" आत्याने विचारलं.

भुजंग चाचरला. "मागं फिरा म्हणती."

"तिला सांग, जमायचं न्हाई."

"ती ऐकत न्हाई, आत्या. नुसती बोलती."

"मंग बोलू दे. आपल्या घरात हायेत तसल्या."

बाईने दुसरा रस्ता काढला. तो मोंढ्यातल्या हातगाड्यांमधून गेला. तिथे पुन्हा तिने मागे फिरायला सांगितलं, पुन्हा आत्याने नकार दिला, आणि गाडी वळसा घालून रेल्वे स्टेशनासमोर निघाली. उपग्रह आणि आत्या यांच्या या भांडणात जालना सोडायलाच तीन वाजत आले. राजूरला देवळाकडे जाणारी गर्दी होती, तिथे भुजंगचं वळण हुकलं. मागे फिरता येत नसल्यामुळे गाडीने टेकडीच्या पायथ्याने लांबलचक वळसा घेतला. "प्रदक्षिणा झाली," आत्या खूष होऊन म्हणाली. चष्म्याच्या प्रकरणापासून प्रवासात मत द्यायचं पुंजारामांनी सोडून दिलं होतं.

राजूरच्या पुढे रस्ता मोकळा लागला. दोन्हीकडे कपाशी, मधे सरळ डांबर. बाई शांत झाली, भुजंगने गाडी पळवली आणि त्याला हुरूप आला. एवढ्यात एका फाट्यावर लिंबाखाली उभा असलेला एक माणूस रस्त्यावर आला आणि दोन्ही हात वर करून हलवू लागला. उन्हामुळे त्याने डोक्यातोंडाला उपरणं गुंडाळलं होतं.

"कोणीतरी हात करून राह्यलंय," पुंजाराम न राहवून बोलले.

भुजंगने मशीनकडे पाहिलं. बाई म्हणाली, "सीधे चलिए."

"लिफ्ट मागत असंल, अण्णा. आपल्याला जल्दी हाय."

"पण आपणबी हात करावा," आत्या म्हणाली. "शुभ कामाला निघालोत. कोणाचा अवमान नको." मग तिघांनीही खिडकीतून हात हलवले. तो माणूस दोन पावलं गाडीमागे पळालाही. आत्याला गहिवरून आलं. "किती मायाळू हायेत इकडचे लोक!"

पुढे बाईने डावीकडे वळवलं. डांबर संपलं, खडी लागली. खडी संपली, माती लागली. मग एका बाजूला काट्याचं कुंपण आणि दुसऱ्या बाजूला खोल चर असा अरुंद उतार आला, आणि त्या उताराच्या तळाशी निळंशार पाणी. भुजंगने करकचून ब्रेक दाबला. पुढची चाकं पाण्यापासून हातभर अंतरावर थांबली. समोर तळं पसरलं होतं. त्याच्या मधोमध विजेचे दोन खांब आणि एका देवळाचा कळस पाण्याबाहेर डोकावत होता.

"तीन सौ मीटर सीधे चलिए," बाई म्हणाली.

"आता हिचं ऐकायचं का?" आत्याने विचारलं.

भुजंगने मोबाइल पाहिला, रेंज नव्हती. घड्याळात चार वाजायला आले होते. वळसा घ्यायला जागा नव्हती. चराच्या कडेने पुढेमागे करत गाडी कशीबशी वळली असती, पण ते म्हणजे सरळसरळ मागे फिरणं.

"आत्या, एवढ्या बारीला फिरू दे."

"चष्म्याच्या बारीलाबी तू असंच म्हणल्ता."

"चष्म्याचा काय संबंध?"

"तेच. तुला संबंध दिसत न्हाई, म्हणून तू एकतिसाचा झालास."

भुजंग खाली उतरला आणि बॉनेटला टेकून पाण्याकडे बघत राहिला. त्याला खरोखर रडू येत होतं. तिकडे मांडवात माणसं बसलेली असणार, आई दारात उभी असणार. बेबीनंदा तयार होऊन आतल्या खोलीत बसली असणार, आणि तिला वाटत असणार की हाही माणूस नुसता बोलणारा निघाला. सगळं कशामुळे, तर एका मशीनच्या भरवशावर आपण फोनवर मोठेपणा केला. मशीनने मात्र मधेच एकदा "यू-टर्न लें" म्हणून पुन्हा त्याच्या जखमेवर मीठ चोळलं.

तेवढ्यात मागून फटफट आवाज आला. गाडीच्या थेट मागे, शेतातून येणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवरून एक स्कूटी उडत आली. स्कूटीवर बेबीनंदा होती. जरीच्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांत गजरा, आणि कपाळावर घाम.

"मला वाटलंच तुम्ही इथं असणार," ती स्कूटी लावत म्हणाली. "निवडणुकीच्या पेट्या घेऊन आलेले साहेबबी इथंच आल्ते. नकाशात आमचं जुनं गाव हाय. ते गेलं तळ्यात. नवं गाव वरच्या अंगाला वसलंय, ते अजून कोणी नकाशात घातलंच न्हाई."

भुजंग बॉनेट सोडून सरळ झाला. "पण तुम्ही कशा..."

"कशी न येऊ मंग? दादा फाट्यावरून पाय आपटत घरी आले. म्हणले, पांढरी गाडी माझ्यासमोरून तळ्याकडं गेली, वर मलाच हात दाखवून गेली."

भुजंगने फाट्याच्या दिशेने वळून पाहिलं. "ते... उपरणंवाले... तुमचे वडीलच होते?"

"माणूस नको म्हणलात म्हणून दुसरं कोणी पाठवलं न्हाई. स्वतः जाऊन थांबले. आता मांडवात बसून सांगून राह्यले, ज्याला फाट्यावरचं माणूस दिसत न्हाई त्याला घरातलं माणूस काय दिसणार, सुपारी फुटायची न्हाई. तुमच्या आई बिचाऱ्या चहाचा कप हातात धरून बसल्यात."

"चुकलं माझं," भुजंग म्हणाला. एवढं मनापासून तो आजवर काहीच बोलला नव्हता.

बेबीनंदाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "मला न्हाई, दादांना सांगा. चला, फिरवा गाडी."

"फिरायची न्हाई!" गाडीतून आत्याचा आवाज आला. मग आत्याने खिडकीतूनच सगळं सांगितलं, बदनापूरच्या चष्म्यासकट. बेबीनंदा हसली नाही, वादही घातला नाही. पदराने घाम पुसत तिने तळ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मागच्या वाटेकडे पाहिलं. गणिताची बाई होती ती.

"बराबर हाय तुमचं, आत्याबाई," ती म्हणाली. "आणि इथं तर बिलकुल फिरता येत न्हाई. तो कळस दिसतो ना, तो जुन्या गावचा मारुती. त्याला पाठ दाखवायची न्हाई म्हणून आम्ही सगळे तळ्यावरून असंच मागं-मागं चालत निघतो. देवळातून निघतो तसं. तोंड देवाकडं, पाय घराकडं. तुमच्या गाडीमागची ही वाट सरळ आमच्या मांडवात जाती. गाडी मागं-मागं घ्या. म्हणजे फिरलीबी न्हाई आणि पोचलीबी."

आत्याने पाण्यातल्या कळसाला हात जोडले. मग ती भुजंगला म्हणाली, "रिवस घे रे. पोरगी बराबर बोलून राह्यली."

पुढची पंधरा मिनिटं भुजंग जन्मात विसरणार नाही. मान मागे वळवून वळवून ती तशीच राहते की काय असं त्याला वाटू लागलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. पुढे, म्हणजे मागे, बेबीनंदाची स्कूटी. पुंजाराम अर्धे खिडकीबाहेर लटकून "डावं घे, डावं! न्हाई, माझं डावं!" असं ओरडत होते. आत्या डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होती. मशीनमधली बाई पहिल्यांदा "यू-टर्न लें" म्हणाली, दुसऱ्यांदाही म्हणाली. मग तिलाही कळेनासं झालं आणि ती गप्प बसली.

इकडे मांडवात काकासाहेब खांबाला टेकून घुम्यासारखे बसले होते. मगाशी रागाच्या भरात ते बोलून गेले होते खरे, पण मुलीच्या बापाचा राग तो, त्याच्या आत काळजीच जास्त असते. बेबीनंदाचंही वय वाढत होतं, आणि मुलगा त्यांना मनातून पसंत होता. घरात पोरगी दिसत नव्हती, पाहुणे चुळबुळत होते. एवढ्यात त्यांची नजर तळ्याच्या वाटेकडे गेली. कपाशीच्या वर पांढऱ्या गाडीची मागची काच दिसत होती.

काकासाहेब ताडकन उठले. गाडीची पाठ दिसते याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता.

"आले होते! आणि चालले माघारी!" ते ओरडले. "कोणी सांगितलं त्यांना जाऊन, सुपारी फुटायची न्हाई म्हणून? म्या रागात बोललो! थांबवा त्यांना!" आणि कोणी उठायच्या आत धोतराचा सोगा हातात धरून ते स्वतःच वाटेने पळत सुटले. "व्याही! थांबा! जावईबापू, थांबा हो! चूक झाली माझी!"

ते जसजसे पळू लागले तसतशी गाडी मोठी होऊ लागली. पळता पळता काकासाहेबांचा वेग कमी झाला. जन्मात त्यांनी जाणारी वाहनं बरीच पाहिली होती, पण जाता जाता जवळ येणारं हे पहिलंच होतं. शेवटी ते वाटेत उभे राहिले, पुढची स्कूटी कपाशीत शिरून बाजूला झाली, आणि गाडी हळूहळू मागे येत त्यांच्यापुढे वीतभरावर थांबली.

भुजंग उतरला तो मान वाकडीच घेऊन. तशाच वाकड्या मानेने त्याने काकासाहेबांचे पाय धरले. "माझं चुकलं, मामा. फाट्यावर माणूस पाहिजे होता."

"माणूस होता की!" काकासाहेब धापा टाकत म्हणाले. "मीच होतो!"

"आम्ही तुम्हाला हात केल्ता," आत्या गाडीतून म्हणाली. "मोठ्या मायेनं केल्ता."

"पाहिला म्या तो," काकासाहेब म्हणाले, आणि मग त्यांना एकदम हसू फुटलं. ते हसू त्यांच्यामागून पळत आलेल्या सगळ्या वऱ्हाडात पसरलं. गाडी तशीच मागे-मागे मांडवाच्या दारापर्यंत आली. राहूकाळ लागायच्या आत सुपारी फुटली, साखर वाटली गेली. भुजंगच्या आईने तो गार चहा एकदाचा पिऊन टाकला. ओटी भरताना आत्याने बेबीनंदाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "घर चालवशील तू," ती म्हणाली, "पुढंबी आणि मागंबी."

जेवणं होऊन निघायची वेळ झाली तेव्हा दिवस कलला होता. भुजंगने हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मामा, फाट्यापर्यंत माणूस द्या." काकासाहेबांची छाती भरून आली. ते स्वतःच पुढच्या सीटवर बसले. पुंजाराम मागे गेले, आणि आता काम झालेलं असल्यामुळे आत्याने गाडी वळवायला खुशाल परवानगी दिली.

गाडी गावाबाहेर आली आणि मशीन जागं झालं. "कृपया, सौ मीटर के बाद बाएँ मुड़ें."

काकासाहेब दचकले. मग त्यांनी वाकून त्या कुंकू लावलेल्या पडद्याकडे पाहिलं. "ही कोणाला म्हणून राह्यली, कृपया?"

"तुम्हालाच. पुढं बसलात ना तुम्ही."

"इतकी वर्षं झाली," काकासाहेब हळव्या आवाजात म्हणाले, "सरपंचकी केली, घर चालवलं, पण मला कृपया म्हणून कोणी काही सांगितलं न्हाई. मोडू नका तिचा शब्द. घ्या डावीकडं."

"पण मामा, फाटा उजवीकडं..."

"घ्या म्हणतो ना. सावकाश सांगती, आदबीनं सांगती. फाटा कुठं पळून जातो?"

भुजंगने डावीकडे घेतलं. मग काकासाहेबांच्या आग्रहाने उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पुंजारामांनी मागून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. अर्ध्या तासाने गाडी एका अनोळखी माळावर उभी होती आणि ज्यांच्या बापजाद्यांनी हा मुलूख पायाखाली घातला ते काकासाहेब खिडकीतून डोकं काढून चारी दिशा बघत होते.

"हे काय आपलं शिवार न्हाई," ते कबूल झाले. "असं करा, जावईबापू. बेबीला लावा फोन. तिला सगळे रस्ते ठाऊक हैत. हा घ्या तिचा नंबर."

सोयरीक झाली तरी मुलीचा नंबर मागायची भुजंगची छाती झाली नसती. आता तो मुलीच्या बापानेच स्वतःच्या तोंडाने सांगितला. गाडीतून उतरून तो जरा लांब जाऊन उभा राहिला.

"हॅलो. मी भुजंग. चुकलो आम्ही."

"पुन्हा? आणि दादा कुठं हैत?"

"तेच रस्ता सांगून राह्यले."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. ते हसणं थांबेपर्यंत भुजंग नुसता ऐकत राहिला. मग त्याने दबक्या आवाजात विचारलं, "एक विचारू? त्या मारुतीला पाठ दाखवत न्हाई, तळ्यावरून उलटं चालतात, ही रीत कधीपासूनची?"

"आजपासूनची," ती म्हणाली. "आत्याबाईंना सांगू नका."

भुजंगने वर पाहिलं. समोर माळाच्या टोकाला राजूरची टेकडी स्पष्ट दिसत होती आणि देवळावर नुकताच दिवा लागला होता. तिथून जालन्याचा रस्ता त्याला डोळे झाकून माहीत होता.

"बरं, आता सांगा," ती म्हणाली, "तुमच्या समोर काय दिसतं?"

"काही म्हणता काही दिसत न्हाई," भुजंग टेकडीकडे पाहत म्हणाला. "तुम्ही अगदी पहिल्यापासून सांगा. सावकाश."

"आधी सरळ चला. एक पिंपळ लागंल."

"हं. आणि त्याच्या पुढं?"